पुसलेले साल

आमच्या घरात 'मैं' फारसे कोणी म्हणत नाही. लहानपणापासून 'हम' ऐकत आलो, तीच सवय मराठी लिहितानाही लागली. म्हणून या लेखात जिथे 'आम्ही' येईल तिथे वाचकांनी बडेजाव समजू नये. उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात इतिहास आणि उर्दू शिकवणारा एक साधा शिक्षक बोलतो आहे, एवढेच समजावे.

आम्ही भिंगारचे. नगर शहराला लागून असलेली ही छावणीची वस्ती. बिरादरीने शिकलगार. अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई, चकाकी. हत्यारांना सैकल करणारा तो सैकलगर, आणि त्याचाच मराठी मुलखात शिकलगार झाला. उर्दूचा तास घेताना 'दिल को सैकल करना' हा प्रयोग आला की मुलांना आम्ही आवर्जून सांगतो, "हा आमच्या घरातला शब्द आहे." मुले हसतात.

आमच्या घराण्यात पूर्वी तलवारी, कट्यारी, जंबिये यायचे. मग तलवारी गेल्या. दादाजानांच्या काळी अडकित्ते, वस्तरे, न्हाव्यांच्या कात्र्या आल्या. अब्बांनी सायकलच्या चाकावर पट्टा चढवून दगड फिरवला आणि गल्लोगल्ली "चाकू-कैची को धार" अशी हाळी देत आम्हा भावंडांना शिकवले. बकरी ईदच्या आधीचे आठ दिवस त्यांना जेवायला फुरसत नसे. आम्ही बी.एड. झालो. धाकटा भाऊ आयटीआय करून एमआयडीसीत टर्नर झाला. दगड आणि पट्टा माळ्यावर गेले.

त्याच माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत, लाल खारव्याच्या कापडात गुंडाळलेले एक पिस्तूल होते. आजची ही हकिगत त्या पिस्तुलाची आहे.

चांदबीबीच्या वेळचे

घरात सगळे सांगायचे की हे पिस्तूल चांदबीबीच्या वेळचे. आमच्या एखाद्या पूर्वजाने तिच्या बाजूने किल्ल्यावरून चालवलेले. नगरात जन्मलेल्या मुसलमान पोराला याहून मोठा दागिना कोणता? शाळेत दोस्तांना आम्ही हे इतक्या वेळा सांगितले होते की पुढेपुढे आम्हालाच तो पूर्वज दिसू लागला. दाढीवाला, कमरेला शेला, आणि हातात आमचे पिस्तूल.

वस्तू मात्र ओबडधोबड होती. वीतभरापेक्षा थोडी लांब लोखंडी नळी, लाकडी दस्ता, दस्त्याच्या बुडाला पितळी टोपण. नळीखाली गज, तोही एका कडीने जोडलेला, म्हणजे ओढला तरी हातातून पडू नये असा. चाप होता, पण वरचा घोडा तुटून गेलेला. सगळ्यावर करडा-तपकिरी थर.

२००६ साल असेल. आम्ही सतरा वर्षांचे, भाऊ चौदाचा. ईदच्या आदल्या दिवशी घरात साफसफाई चालली होती. अम्मी बाजारात, दादाजान मशिदीत. आम्ही ट्रंक उतरवली. शिकलगाराच्या घरात गंजलेले हत्यार पडून राहावे हे आम्हाला शोभेना. रॉकेल आणले, चिंच आणली, पॉलिश पेपर आणला. आधी खरखरीत, मग बारीक, आणि शेवटी राखेने घासले. दोन तासांत लोखंड आरशासारखे चकाकू लागले. मग रॉकेल आणि पाणी सुकावे म्हणून नळी स्टोव्हच्या आचेवर धरली. हा स्टोव्ह वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

घासताना चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर काहीतरी कोरलेले दिसले होते. एक जनावर, मागच्या पायांवर उभे. त्याच्या जवळ बारीक इंग्रजी आकडे. पहिले दोन, १ आणि ८, आम्हाला स्वच्छ आठवतात. पुढचे दोन गंजात होते. गंज निघाला की नीट दिसतील म्हणून आम्ही तिथेच जास्त जोर लावला. गंज निघाला, आणि आकडेही निघाले.

दादाजान मशिदीतून आले. त्यांनी पिस्तूल हातात घेतले, उजेडाकडे धरले, अंगठ्याने पट्टी चाचपली. आम्ही शाबासकीची वाट पाहत होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सैकल करना अपना काम है बेटा. मिटाना नहीं."

आणि थोड्या वेळाने, "और ये अपनी चीज भी नहीं. अमानत है."

त्या रात्री त्यांनी खरी हकिगत सांगितली. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. त्यांच्या आजोबांच्या किंवा त्यांच्याही आधीच्या काळात कोणीतरी हे पिस्तूल सैकल करायला दिले होते. घेऊन जायला तो आलाच नाही. कोण होता, शिपाई की सावकार, हिंदू की मुसलमान, कोणालाच ठाऊक नव्हते. शिकलगाराने गिऱ्हाईकाचे हत्यार विकायचे नसते, म्हणून ते राहिले. चांदबीबीची गोष्ट पुढे कोणीतरी मुलांना रिझवायला रचली असावी. आम्हाला ती खरी हकिगत तेव्हा आवडली नाही. पूर्वजाच्या हातातले पिस्तूल गेले आणि पूर्वजाकडे पडून राहिलेले गिऱ्हाईकाचे सामान हाती आले.

अम्मींची भीती

२००९ मध्ये दादाजान गेले, २०२१ मध्ये अब्बा. पुढच्या वर्षी घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचे ठरले आणि ट्रंक पुन्हा खाली आली. चकाकी केव्हाच गेली होती. उघड्या पडलेल्या लोखंडावर आता लालभडक, भुरभुरणारा गंज चढला होता. जुना तपकिरी थर दीडशे वर्षे लोखंडाला सांभाळत होता. तो आम्ही काढला, आणि पंधरा वर्षांत लोखंड खाल्ले गेले.

अम्मींनी पिस्तूल पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "रात को सीना में फेंक आव," त्या म्हणाल्या. "घर में पिस्तूल मिली बोलेंगे तो कौन पूछेगा नवी की जुनी?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांची तलवार किंवा खंजीर असेल. तो भिंतीवर लावायचा की माळ्यावर ठेवायचा, यावर घरात हलक्या आवाजात बोलणे झाले असेल. 'पिस्तूल' हा शब्द आणि आमचे नाव एका ओळीत आले की ती ओळ कशी वाचली जाईल, याची धास्ती अम्मींना होती. त्यांना दोष देता येत नाही.

भावाचे मत वेगळे होते. त्याने कुठूनतरी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला फोटो दाखवले होते. व्यापाऱ्याचे म्हणणे असे, की आहे तशा मालाला भाव नाही, पण 'मूळ स्थितीत' आणून दिले तर चांगले पैसे मिळतील. घोडा नवा बसवा, गंज काढा, नळीला काळी झिलई द्या, दस्त्याला पॉलिश मारा, पुसलेला शिक्का पुन्हा कोरून घ्या. भाऊ टर्नर माणूस. "घोडा मी एका सुट्टीत बनवतो," तो म्हणाला. बनवला असताही. हुनर हातातून गेलेला नाही, फक्त दगडावरून लेथवर गेला आहे.

आम्ही दोघांचेही ऐकले नाही. ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी १९५९ चा शस्त्र कायदा काढला आणि ४५ वे कलम दाखवले. जुन्या धाटणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडलेले हत्यार, जे दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला या कायद्यातून सूट आहे.

"दुरुस्ती करूनही, हे शब्द नीट वाचा," वकील म्हणाले. "ते चालण्याजोगे निघाले तर परवान्याचा प्रश्न आला. आणि तुमच्या भावाने घोडा बसवून ते चालू केले, तर सूट मागायला तुम्ही तोंड कुठून आणणार?"

म्हणजे व्यापारी ज्याला 'मूळ स्थिती' म्हणत होता, ती कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याची पहिली पायरी ठरू शकत होती. आम्ही घरी येऊन भावाला हे सांगितले. तो काही न बोलता चहा पीत राहिला.

वकिलांच्या सल्ल्याने अर्ज लिहिला. वस्तू काय, घरात कशी आली, कधीपासून आहे, आणि ती हत्यार ठरते की जुनी वस्तू हे तपासून मिळावे. तीन वेळा खाडाखोड केली. 'पिस्तूल' लिहावे की 'जुने पिस्तूलवजा साधन'? शेवटी 'पिस्तूल'च लिहिले. शिक्षकाने नामाला नाम म्हणावे. पोलीस ठाण्यात जाताना पांढरा सदरा घातला, शाळेचे ओळखपत्र खिशाला लावले. एवढ्या तयारीची गरज पडली नाही. ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचला, आमच्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, इतकी वर्षे कुठे होते हे?" आम्ही म्हणालो, "ट्रंकेत." त्यांनी पोच दिली.

नळीत काय होते

तपासणी शस्त्रागाराच्या एका जाणत्या कर्मचाऱ्याने केली. निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी पिस्तूल हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय केले ते लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण असे पिस्तूल ज्यांच्या घरी असेल त्यांच्या ते उपयोगी पडेल. त्यांनी तोंड भिंतीकडे केले आणि एक बारीक लाकडी काडी नळीत आत टेकेपर्यंत सारली. नळीच्या तोंडापाशी काडीवर पेन्सिलने खूण केली. मग काडी बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरली. नळी रिकामी असती, तर काडीचे टोक कान्यापर्यंत पोचायला हवे होते. ठासणीच्या हत्यारात ज्या छिद्रातून ठिणगी आत जाते तो काना. काडी दोन बोटे अलीकडेच थांबली होती.

"भरलेले आहे," ते म्हणाले.

आम्हाला खुर्ची लागली. त्यांनी नळीत पाणी सोडून ते भिजत ठेवले. मग गजाला पेचासारखे टोक लावून हळूहळू आतला ऐवज बाहेर ओढला. कागदाचा किंवा चिंधीचा कुजका बोळा, शिशाची एक गोळी, आणि काळ्या ढेपेसारखी झालेली दारू. अशी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "कधी विस्तवाजवळ नेले होते का हे?"

वाचकांना तो स्टोव्ह आठवत असेल. ईदच्या आदल्या दिवशी, निळ्या आचेवर धरलेली ती नळी. तिचे तोंड कुठे होते? समोर भाऊ बसला होता, हातात पॉलिश पेपर घेऊन. आम्ही मान खाली घातली. भावाला ही गोष्ट आम्ही बऱ्याच महिन्यांनी सांगितली.

त्यानंतर नळी दस्त्यातून सोडवली गेली. दस्त्याखाली झाकलेल्या भागात, कान्याच्या जवळ, लोखंडाला बोटभर लांब भेग होती. नळीच फुटलेली. घोडा नवा बसवला असता तरी बार भरून उडवणाऱ्याचा हात गेला असता. वापरण्याजोगे नाही, दुरुस्तीनेही नाही, असा शेरा त्या भेगेमुळेच मिळाला. चार महिन्यांनी पिस्तूल कागदासह घरी आले. व्यापाऱ्याने ही भेग पाहिली असती तर म्हणाला असता, झाळून टाका. त्या भेगेनेच पिस्तूल आमच्या घरात राहू दिले.

वय काढायचे कसे

आता प्रश्न वयाचा. आम्ही इतिहासाचे शिक्षक, पण हे शास्त्र आम्हाला ठाऊक नव्हते. संग्रहालयात काम केलेल्या एका निवृत्त जाणकारांनी शिकवले. त्यांची पद्धत सोपी होती. आधी म्हणायचे, "हे कशाच्या आधीचे असू शकत नाही ते सांगा. मग कशाच्या नंतरचे असू शकत नाही ते सांगा. मधे जे उरेल ते उत्तर."

चांदबीबीने नगरचा किल्ला शाहजादा मुरादच्या फौजेविरुद्ध लढवला तो १५९५-९६ मध्ये. १६०० मध्ये ती मारली गेली. त्या काळी इथल्या फौजांची बंदूक तोड्याची होती, म्हणजे जळती वात कान्याला लावायची. पुढे गारगोटीची ठिणगी पाडणारी बंदूक आली. त्यानंतर टोपीची. तांब्याची बारीक टोपी एका बोंडीवर बसवायची, आणि घोडा तिच्यावर आपटला की आतल्या स्फोटक मसाल्याची ठिणगी नळीत जायची. आमच्या पिस्तुलाला ती बोंडी आहे. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पहिले पेटंट इंग्लंडात १८०७ मध्ये घेतले गेले. इंग्रजी फौजेत टोपीची बंदूक सररास झाली ती १८४० च्या आसपास. १८५७ मध्ये जिच्या काडतुसांवरून आग भडकली ती एन्फिल्ड बंदूकही टोपीचीच होती. म्हणजे चांदबीबी आणि आमचे पिस्तूल यांच्यात सुमारे अडीच शतकांचे अंतर पडले.

ही झाली एक कड. दुसरी कड त्या जनावराने दिली. पट्टीवर आता फक्त मागचा पाय आणि शेपटाचा वळसा उरला आहे. जाणकारांनी भिंगाखाली पाहिले आणि एक चित्र आमच्यापुढे ठेवले. पुढच्या पायांत मुकुट धरून उभा सिंह, ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवरचा शिक्का. त्याआधी कंपनीचा शिक्का बदामाच्या आकाराचा असे. १८०८ च्या सुमारास त्याची जागा सिंहाने घेतली. १८५८ मध्ये कंपनीचा अंमल संपला आणि कारभार राणीकडे गेला. गज कडीने जोडलेला, म्हणजे घोडेस्वाराचे पिस्तूल. धावत्या घोड्यावर गज हातातून सुटला तरी पडू नये यासाठी ती सोय. भिंगारच्या छावणीशेजारी ते आले यात नवल नाही. नगरचा किल्ला वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ रोजी घेतला आणि तेव्हापासून इथे फौजेचा राबता राहिला.

तर कळ, म्हणजे चाप आणि पट्टीचा भाग, १८४० ते १८५८ यांमधला. यापुढे नेमके साल सांगणारे दोन आकडे होते. ते आमच्या पॉलिश पेपरने खाल्ले. भाऊ म्हणतो, तिसरा आकडा ४ होता. आम्हाला वाटते, ५. दोघेही शपथेवर सांगू शकत नाही. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण ५ असेल तर त्या पिस्तुलाने १८५७ जवळून पाहिले असण्याचा संभव. एका घासणीत आम्ही तो प्रश्न कायमचा बंद केला.

मग जाणकारांनी पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला कानशीने पाडलेल्या बारीक रेघा होत्या, सात. कारागीर एका हत्याराचे सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सर्वांवर सारख्या रेघा पाडत. नळीच्या खालच्या बाजूला मात्र चारच रेघा निघाल्या. नळी एका पिस्तुलाची आणि कळ दुसऱ्याची. आणि दस्ता? विलायती पिस्तुलाचा दस्ता अक्रोडाचा असतो. आमचा शिसवाचा निघाला. इथल्याच कोणीतरी घडवलेला, हाताने, पितळी टोपणाला मापात बसवलेला.

"आता सांगा," जाणकार हसून म्हणाले, "मूळ स्थिती कुठली? सात रेघांची, चार रेघांची, की शिसवाची?"

आम्ही निरुत्तर झालो. व्यापाऱ्याच्या 'मूळ स्थिती'प्रमाणे हा शिसवाचा दस्ता आधी फेकावा लागला असता. पण दोन मोडक्या हत्यारांतून एक उभे करणारा तो कारागीर कोण? नाव नाही, शिक्का नाही. सैकल करायला आलेले पिस्तूल आमच्याच घरात जोडले गेले असेल का? पुरावा नाही, म्हणून ठामपणे सांगत नाही. पण दस्त्याच्या आत, जिथे कोणी पाहणार नव्हते, तिथे पटाशीचे घाव इतके नेटके आहेत की भाऊ ते बराच वेळ निरखत बसला. "ये किसी अपने आदमी का हात है," तो म्हणाला. त्यानंतर त्याने नवा घोडा बनवण्याचा विषय काढला नाही.

मालक परत का आला नाही, यावरही तर्कच करता येतो. १८५७ नंतर लोकांकडची हत्यारे काढून घेण्यात आली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा झाला. ज्या माणसाने बेसावधपणे पिस्तूल झिलईला टाकले, त्याला काही वर्षांनी ते मागायला येणे धोक्याचे वाटले असेल. आणि ज्याच्याकडे ते राहिले, त्याच्या घरातल्या बाईनेही म्हटले असेल, रात को सीना में फेंक आव.

दोन साले असलेली तोफ

डिसेंबर २०२३ मध्ये शाळेची सहल विजापूरला गेली. गोलघुमट झाला आणि मुलांना घेऊन आम्ही बुर्ज-ए-शेरझावर चढलो. तिथे मुलुखमैदान तोफ आहे. आपल्याकडे फर्ड्या वक्त्याला मुलुखमैदान म्हणतात, पण ती तोफ आपल्या नगरात ओतली गेली हे नगरच्याच मुलांना ठाऊक नसते. लांबी सुमारे १४ फूट, वजन ५५ टन सांगतात. तोंड सिंहासारख्या अक्राळविक्राळ जनावराचे, त्याच्या दातांत हत्ती.

तिच्या अंगावर लेख आहेत. आमच्या मुलांना लिपी येते, म्हणून शब्द लावायची शर्यत लागली. एका मुलीने 'निजामशाह' ओळखले. तोफ बुऱ्हाण निजामशहाच्या काळात हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रुमी या कारागिराने ओतली. बादशहाचे नाव आहे, तसे ओतणाऱ्याचेही आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली. १६३२ मध्ये आदिलशाही सरदारांनी ती विजापूरला आणली. ओढायला ४०० बैल आणि १० हत्ती लागले असे सांगतात. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आपल्या विजयाचा लेख हिजरी १०९७ या सालासह तिच्यावर कोरवला.

एका मुलाने विचारले, "सर, औरंगजेबाने निजामशहाचे नाव खोडून का नाही टाकले?"

जिंकणाऱ्याला ते अवघड नव्हते. पण त्याने आपला लेख वेगळ्या जागी कोरवला, आधीचा राहू दिला. म्हणून आज तोफेला दोन साले आहेत आणि दोन्ही खरी आहेत. १८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली होती. बोली आली १५० रुपये. एका अधिकाऱ्याने वेळीच वरिष्ठांना कळवले आणि विक्री रद्द झाली, नाहीतर तिचे वितळून हंडे झाले असते. परतताना बसमध्ये आम्हाला राहून राहून वाटत होते, जेत्याने जेवढे राखले तेवढे आम्ही, घरच्यांनी, सतराव्या वर्षी राखले नाही.

आम्ही काय केले

काय केले ते थोडक्यात सांगतो, काय केले नाही तेही सांगतो.

लाल, भुरभुरणारा गंज वाढत जातो, तो थांबवायला हवा. तपकिरी, घट्ट थर राखायला हवा. म्हणून लाल गंजावर शिलाई मशीनचे पातळ तेल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि बांबूच्या कामट्यांनी, कापसाने हलके हलके पुसले. पुन्हा तेल, पुन्हा कामटी. तीन रविवार गेले. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, तेजाब, बफिंगचे चाक यांतले काहीही घराच्या त्या खोलीत आणले नाही. पितळ काळवंडले आहे, तसेच ठेवले. दस्त्यावर जवसाच्या तेलाचे बोट फिरवले आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपले. लोखंडावर शेवटी मेणाचा पातळ हात दिला, म्हणजे दमट हवा लागू नये. भेग झाळली नाही. घोडा बसवला नाही. बोंडी आतून बंद आहे, तशीच ठेवली. सिंह पुन्हा कोरून घेतला नाही.

शिकलगाराच्या हाताला हे सोपे नाही. कुठे थांबायचे हे आम्हाला पूर्वी कोणी शिकवले नव्हते असे म्हणणार होतो, पण ते खरे नाही. दादाजानांनी एका वाक्यात शिकवले होते. समजायला सतरा वर्षे लागली.

आता पिस्तूल काचेच्या पेटीत, खारव्याच्या त्याच कापडावर आहे. शेजारी पोलिसांच्या कागदाची प्रत. अम्मींना त्या कागदाने धीर आला. पाहुणे आले की त्या आधी कागद दाखवतात, मग पिस्तूल. पेटीवर लावायला चिठ्ठी लिहायची होती. गावाचे नाव काय लिहावे यावर घरात पुन्हा चर्चा झाली. २०२४ पासून सरकारी कागदांवर जिल्हा अहिल्यानगर आहे, बुजुर्गांच्या तोंडी अहमदनगर आहे, आणि एसटीच्या फाट्यावर उभा राहिलेला कोणताही माणूस 'नगर' म्हणतो. आम्ही 'भिंगार' लिहिले आणि पुढे तिन्ही नावे लिहिली. जागा होती.

चिठ्ठी अशी आहे:

"घोडेस्वाराचे टोपीचे पिस्तूल. कळ ईस्ट इंडिया कंपनीची, १८४० ते १८५८ च्या दरम्यानची. नळी दुसऱ्या पिस्तुलाची. दस्ता शिसवाचा, स्थानिक कारागिराचा. मालक अज्ञात. सैकल करण्यासाठी आमच्या घरी आले, नेले गेले नाही. कळीवर कोरलेले साल २००६ मध्ये आमच्या हातून पुसले गेले."

शेवटची ओळ काढून टाक, असे भाऊ म्हणतो. पेटी पाहायला येणाऱ्या पोरांसमोर शरम वाटते म्हणतो. आम्ही ती राहू दिली आहे. पिस्तुलावर आता जेवढी साले उरली आहेत, त्यांतले पक्के सांगता येईल असे एवढे एकच आहे.